अर्धवट डोस, अर्धवट शिक्षण

जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे होणे, म्हणजेच प्रतिजैविक-प्रतिरोध, याचे खापर ग्रामीण रुग्णाच्या अज्ञानावर फोडण्याची रीत पडली आहे. या पूर्वपक्षानुसार खेड्यातील माणूस चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून दोन-चार कॅप्सूल आणतो व बरे वाटताच औषध सोडतो, म्हणून ‘डोस पुरा करा’ असे फलक लावून विक्रीला कायद्याचा चाप बसवला की काम भागते. यातील वर्णन बरेचसे खरे असले, तरी निष्कर्ष टिकत नाही. (अर्धी राहिलेली पाकिटे शहरातील सुशिक्षित घरांतही निघतात, याकडे हा पक्ष सोयीस्कर डोळेझाक करतो.)

दवाखाना गाठण्यात ज्याचा रोज बुडतो, त्याने दोन कॅप्सूलवर निभावणे हा रोकडा हिशेब असतो व फलकाने तो बदलत नाही. कायद्याचे म्हणावे, तर निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद रुग्ण व डॉक्टर यांच्या नावांसह तीन वर्षे जपायला लावणारी ‘एच-१’ अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू आहे. परंतु सर्रास खपणारे अमॉक्सिसिलिन तिच्याबाहेर आहे, आणि चिठ्ठी लिहिणाराच सर्दीला प्रतिजैविक देत असेल, तर चिठ्ठीच्या सक्तीने काय साधणार? सर्दी विषाणूंमुळे होते, प्रतिजैविके केवळ जीवाणूंवर चालतात; अशा वेळी डोस इमानाने पुरा केला, तरी शरीरातील जीवाणूंपैकी औषधाला पुरून उरणारेच तेवढे फोफावतात.

तेव्हा औषध केव्हा हवे, हे ओळखायला शिकवणे हाच लोकशिक्षणाचा गाभा ठरतो. ते खेड्यात जमेल का, ही शंका गडचिरोलीत फिटली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दायांसाठी मण्यांचे श्वासमापक बनवले. वाळूचे घड्याळ मिनिटभरात रिते होईपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि शेवटचा तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठ श्वास ही सीमा धरतात. पुढे याच संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकडून नवजातांची घरोघरी काळजी घेतली, जंतुदोष झालेल्या बाळांना जेंटामायसिनची इंजेक्शनेही दिली, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हे यश एकट्या औषधाचे नव्हे, हे खरे. पण ज्या कसोटीने औषध द्यायचे ते ठरते, तिनेच न द्यायचेही ठरते.

रोकडा हिशेब गोठ्यातही लागू पडतो. कासदाहावर प्रतिजैविक टोचलेल्या म्हशीचे दूध औषधावर नेमलेल्या मुदतीपर्यंत डेअरीला घालू नये, हे सांगणाऱ्याने तितक्या दिवसांचे दूधबिल कोण भरणार, याचेही उत्तर तयार ठेवले पाहिजे.