घरचा पाव आणि घरातले हात

मैत्रिणींनो, शाळेच्या स्टाफरूममध्ये, भाजीच्या गाडीजवळ, भिशीला, कुठेही गेले तरी मला एक ठराविक प्रश्न येतो. "शाळा सांभाळून घरी पाव, केक कसं गं जमवतेस?" खरं सांगायचं तर जवळजवळ तीन वर्षं मला ते जमत नव्हतं. जमतंय असं मी दाखवत होते, एवढंच! आज त्याचीच हकिगत सांगते, कृतीसकट.

आमचं घर नाशिकचं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि नाना. माझी अर्धवेळ नोकरी सकाळच्या शाळेत, म्हणजे सात दहाला घंटा. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीचं शटर खाली आलं. मुलांना तर रोज सँडविच हवं. पिझ्झ्यासाठी आणलेली यीस्टची पुडी फ्रीजमध्ये होती, तिच्यावर पहिला पाव झाला. विटेसारखा घट्ट, पण घरभर असा वास सुटला की सगळे ओट्याभोवती गोळा झाले. तिसरा-चौथा पाव बरा झाला आणि माझं कौतुक सुरू झालं.

कौतुकाचं असं असतं बायकांनो, पहिल्या महिन्यात ते कौतुक असतं, सहाव्या महिन्यात तो रतीब होतो. बेकऱ्या उघडल्या, शाळा भरू लागल्या, तरी बाहेरचा पाव कुणी हातात धरेना. पोटॅशियम ब्रोमेटची बातमी ह्यांच्या पक्की लक्षात. पावाच्या मैद्यात घातलं जाणारं ते रसायन २०१६ साली आपल्याकडे बंद झालं. बंद झालं हेच लक्षात ठेवायचं, तर ह्यांच्या लक्षात राहिलं ते घालत होते एवढंच. "घरचा तो घरचा," असं म्हणून हे पेपर उघडायचे. मळायला, फुगायला, भाजायला लागणारे तीन तास मात्र माझे. दुपारी वह्या तपासायच्या, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री साडेदहाला ओव्हनची घंटी ऐकत ओट्याशी उभं राहायचं.

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. धाकट्याच्या वर्गाची अंगतपंगत होती आणि चिरंजीव सांगून आले होते, "माझी आई सगळ्यांसाठी घरचा पाव पाठवणार." सगळे म्हणजे अडतीस मुलं! नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. पीठ फुगेना म्हणून पातेलं बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवलं आणि म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकावी. जाग आली ती सव्वापाचला. पीठ पातेल्याबाहेर ओघळून ओव्हनच्या तळाशी पसरलं होतं, वरून खड्डा पडला होता, आणि वास ताडीसारखा आंबूस. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पावासाठी कुणी रडतं का? पण तीन वर्षांचा शीण होता तो.

सासूबाई पूजेची फुलं काढायला उठल्या होत्या. त्या आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर इडलीच्या पिठासारखं आंबलंय. टाकतेस कशाला?" मग जरा थांबून विचारलं, "ह्यात अंडं नसतं ना?"

मी बघतच राहिले. इतकी वर्षं ह्या घरात पाव भाजला जात होता आणि सासूबाईंनी त्याला हात लावला नव्हता. त्यांच्या माहेरी पाव स्वयंपाकघरात येत नसे, आणला तर पोरांनी तो अंगणात बसून खायचा. मी समजले, सोवळंओवळं असेल. त्या समजल्या, यीस्ट म्हणजे अंड्याचंच काहीतरी असणार. ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. यीस्ट म्हणजे खमीर, मैदा-पाणी-मीठ-तेल एवढंच ह्यात असतं, हे सांगितल्यावर त्यांनी पदर खोचला. पिठात डाळीचं पीठ, कांदा, मिरची, ओवा, कोथिंबीर घालून सरसरीत केलं आणि धिरडी टाकायला घेतली. डब्यात पाव नाही, धिरडी गेली. एकही परत आलं नाही.

धिरडं उलटताना त्या जे म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या लहानपणी दिवाळीत नानकटाई असायची. आई घरी मैदा, तूप, पिठीसाखर मोजून द्यायची आणि डबे घेऊन सगळ्या आळीच्या बायका भट्टीवर जायच्या. भाजायचं काम भट्टीवाल्याचं. "तुमच्या घरात भट्टी आली," त्या म्हणाल्या, "पण भट्टीवाला कुठे आला? ती तूच झालीस."

त्या रविवारी मी जाहीर करून टाकलं. पाव आठवड्यातून एकदा, रविवारी. बाकीचे दिवस कोपऱ्यावरचा. त्यात कमीपणा कसला? तो माणूस पहाटे उठून शंभर पाव एकदम भाजतो, माझ्या दोन पावांना त्याची सर कुठून येणार? आणि रविवारचा पाव हवा असेल तर हातही सगळ्यांचे. ह्यांचा चेहरा जरा उतरला, नाना मात्र म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

आता कृती. दोन छोट्या टिनांसाठी पाव किलो गिरणीची कणीक आणि पाव किलो मैदा. नुसत्या कणकेचा पाव जड होतो. कोंडा पिठाची लवचीक जाळी तोडतो, म्हणून मैद्याची सोबत हवी. दीड चहाचा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे तेल, पाऊण चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट. पाणी साधारण ३३० मिलिलिटर, पण गिरणीचं पीठ कमी-जास्त पाणी पितं, तेव्हा शेवटचं थोडं हाताशी ठेवा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारं पीठ हवं. चिकटतंय म्हणून वर पीठ भुरभुरत बसू नका. माझी पहिली वीट त्यामुळेच झाली! पाणी घालून कालवलं की वीस मिनिटं झाकून ठेवा. कोंडा पाणी पितो आणि निम्मं मळणं आपोआप होतं.

ही कणीक शनिवारी रात्री जेवणं झाली की भिजते. मोजणं धाकट्याचं. काट्यावर ग्रॅम बघायला त्याला आवडतं, आणि गणितही होतं. मळणं ह्यांचं, घड्याळ लावून दहा मिनिटं. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला विचारलं, "अजून किती?" मी म्हटलं, "रोज वीस पोळ्यांची कणीक कोण मळतं, त्यांना विचारा." मळून झाल्यावर चिमूटभर पीठ दोन हातांत ताणून बघायचं. न तुटता पातळ पापुद्रा झाला की झालं. मग तेलाचा हात लावून, दुप्पट मावेल अशा झाकणाच्या डब्यात घालून डबा फ्रीजमध्ये ठेवायचा आणि झोपायचं. सगळी मख्खी इथेच आहे. थंडीत यीस्टचं काम हळू चालतं, तेव्हा आठ-दहा तास पीठ आपली वाट बघतं, आपल्याला त्याची वाट बघत बसावं लागत नाही. चवही अधिक चांगली येते.

सकाळी डबा बाहेर काढून सासूबाई पिठाचे दोन भाग करतात, हलक्या हाताने थापून, गुंडाळी करून टिनात बसवतात. गुंडाळीचा जोड खाली. त्यांच्या बोटांना संधिवात आहे, जोर लावायचं काम होत नाही, पण वळण्याची सफाई माझ्या हाताला अजून नाही. पीठ टिनाच्या काठापर्यंत यायला उन्हाळ्यात तासाच्या आत, हिवाळ्यात दीड-दोन तास लागतात. बोटाने हलकेच दाबावं, खळगा सावकाश भरून आला की तयार. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून अर्धा तास भाजा. लहान ओव्हनमध्ये वरचा भाग लवकर करपतो, म्हणून वीस मिनिटांनंतर वर फॉइल टाका. काढून उलटा करून टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा. आणि कितीही आग्रह झाला तरी तासभर कापू नका, आतून ओला राहतो. आमच्याकडे हा तास सगळ्यांत अवघड जातो.

ओव्हन तापलेलाच असतो, त्यात १८० अंशांवर सासूबाईंसाठी दह्याचा केक होतो. एक वाटी घट्ट दह्यात पाऊण वाटी साखर विरघळवा, अर्धा चमचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं थांबा. फेस आला की अर्धी वाटी तेल, व्हॅनिला, आणि दीड वाटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळा. हे मिश्रण मात्र ठेवून चालत नाही, लगेच ओव्हनमध्ये. पस्तीस-चाळीस मिनिटांत सुई कोरडी निघते. अंड्याचा केक मुलांच्या वाढदिवसाला होतो, त्याचा टिन वेगळा. टिनाला लाल दोरा बांधलाय, सासूबाईंना विचारावं लागू नये म्हणून.

विजेची धास्ती घेऊ नका. दीड हजार वॅटचा ओव्हन तासभर चालला तरी फार तर दीड युनिट. ओव्हन नसेल तर दह्याचा केक जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात होतो. तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकण घट्ट, दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर पाऊण तास. कुकर वापरायचा झाला तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा.

गेल्या रविवारी मला जनगणनेच्या प्रशिक्षणासारखंच एक शाळेचं काम निघालं, दिवसभर बाहेर होते. परत आले तर ओट्यावर पाव. एका बाजूला झुकलेला, मीठ जरा जास्त. कुणी घातलं ह्यावरून हे आणि धाकटा अजून भांडताहेत. सासूबाईंनी माझ्यासाठी कडेची कुरकुरीत कापडी झाकून ठेवली होती.

यीस्टची पुडी उघडली असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. जुनी वाटली तर कोमट पाण्यात साखरेबरोबर चिमूटभर टाकून बघा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ती टाकून द्या, पीठ वाया घालवू नका. पुढच्या वेळी सासूबाईंची नानकटाई.