घर आणि परस : गाडीखाना व पाहुण्यांची बैठक

आमच्या परिचयाच्या अनेक घरांतून सध्या एकच विचार चाललेला दिसतो. जुन्या वाड्यामागे परस आहे. तेथील गोठा गुरांवाचून ओस पडला आहे. घरात मोटार आली आहे, मुलासुनांच्या दुचाक्या आल्या आहेत. आणि दिवाळीस किंवा अखाजीस मंडळी जमली म्हणजे ओटा व माजघर मिळूनही जागा पुरत नाही. तेव्हा गोठ्याच्या जागी एक इमारत उठवून तीत गाडीही ठेवावी आणि पाहुण्यांचीही सोय करावी, असा बेत घरोघरी ठरत आहे. बेत वाईट नाही. तथापि तो जितका सोपा दिसतो तितका नाही, म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्यासच देत आहो.

वाहन आणि पाहुणा या दोघांची जोडी आमच्या पारोळ्यास तरी नवी नाही. पारोळ्यास आगगाडी नाही. सुरत-भुसावळ मार्गाने येणारा पाहुणा अमळनेरास उतरे, आणि तेथून पुढे त्यास आणावयास घरची बैलगाडी जाई. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी राज्याची पहिली एस. टी. धावली, त्यानंतर हळूहळू बैलगाडीचे हे काम मोटारीने उचलले. आज धुळे-जळगाव हमरस्त्यावरून पाहुणा स्वतःच्याच गाडीतून दारात उतरतो. म्हणजे पूर्वी पाहुण्याबरोबर आपलीच गाडी घरी येई; आता त्याचीही गाडी येते आणि तिलाही जागा हवी असते. इमारतीचा नकाशा काढताना हा पहिला फरक ध्यानात ठेवावा.

दुसरा फरक शब्दांतच आहे. ज्याच्या येण्यास तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पंचमहायज्ञांपैकी नृयज्ञ म्हणून जो सांगितला आहे तो अशाच माणसाचा सत्कार होय. दूरध्वनीमुळे आता न कळविता कोणी येतच नाही. आपला पाहुणा बहुधा अभ्यागत असतो, आणि एकटा नसतो. पाच-सात जणांचे कुटुंब येते, दोन रात्री राहते. त्यास केवळ बैठक पुरत नाही. पाणी, मोरी, शौचकूप आणि लहान मुलांस निजविण्याची जागा हवी असते.

आता रचनेकडे वळू. सर्वांच्या आधी गल्ली मोजावी. चार मीटर लांबीच्या लहान मोटारीसही वळावयास सुमारे पाच मीटरांची त्रिज्या लागते. जुन्या वस्तीतील बोळातून बैलगाडी वळे, कारण बैल जागच्या जागी फिरत. मोटार तशी फिरत नाही. परसाच्या दारासमोर वळणाची जागा नसेल तर पुढील सर्व खर्च व्यर्थ आहे. त्यानंतर नगरपरिषदेची परवानगी. मुंबई व काही थोडे प्रदेश वगळता राज्यभर २०२० पासून एकच बांधकाम-नियमावली लागू झाली आहे. तीत भोवताली किती जागा मोकळी सोडावी हे ठरलेले आहे. शेजाऱ्याची भिंत आपलीच समजून तीवर तुळई टेकविण्याचे दिवस गेले. किंबहुना ते कधीच नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील वास्तुप्रकरणात चाकांची वाहने व चतुष्पाद यांच्या जागेस शेजाऱ्यापासून अंतर राखावयास सांगितले असून, नियम मोडणारास चोवीस पण दंड सांगितला आहे. गाडीचा आवाज व धूर शेजाऱ्याने का सोसावा, हा प्रश्न इतका जुना आहे.

इमारतीचे दोन प्रकार संभवतात. पहिला प्रकार उघड्या मांडवाचा : चार-सहा खांब, वर छप्पर, तीन बाजू मोकळ्या. एरवी येथे गाडी उभी राहील. कार्याच्या दिवशी ती बाहेर काढून, फरशी धुऊन पंगत बसेल. ११ फूट रुंद व २० फूट लांब जागेत समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये वाढप्यास वाट, अशी वीस पाने सुखाने बसतात. लहान कुटुंबास हा प्रकार स्वस्त आणि पुरेसा आहे.

दुसरा प्रकार भिंतींच्या इमारतीचा. येथे मात्र एक नियम आम्ही आग्रहाने सांगतो : ज्या बंद खोलीत गाडी राहते, त्या खोलीत माणसे बसवू नयेत व निजवू तर मुळीच नयेत. बंद जागेत यंत्र चालू राहिले तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्यास रंग नाही, वास नाही; माणसास झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठत नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. तेथे समई, उदबत्ती किंवा शेगडी असली म्हणजे पुढचे सांगावयास नको. विजेच्या दुचाकीस धूर नाही म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेली अशी दुचाकी पेटली आणि धुराने गुदमरून पिता व कन्या दोघे गेली. चार्जिंग दिवसा, जागेपणी करावे. त्यासाठी स्वतंत्र तार व उत्तम अर्थिंग असावे. आणि गाडी बाहेर पडण्याच्या वाटेत कधीही लावू नये.

म्हणून आमची शिफारस अशी : पश्चिमेस ११ फूट रुंदीचा गाडीखाना, पूर्वेस १८ फूट रुंदीची बैठक, दोहोंच्या मध्ये ७ फुटांची उघडी पडवी, आणि तिन्हींवर एकच छप्पर. खोली सर्वत्र २० फूट. गाडीखाना व बैठक यांच्यामध्ये एकही सामाईक दार किंवा खिडकी नसावी, जाणे-येणे पडवीतूनच. गाडीखान्याच्या भिंतीत जमिनीलगत व छताखाली, दोन्ही ठिकाणी जाळ्या ठेवाव्यात. लहान मोटार उभी राहून मागे दुचाक्यांस सहा-सात फूट उरतात. वाहनास वायव्य दिशा द्यावी असे लोक सांगतात. त्यामागील शास्त्राच्या वादात न शिरता इतके म्हणता येईल की, खानदेशात दुपारनंतरचे ऊन गाडीखान्याने आपल्या अंगावर घेतले म्हणजे बैठक तितकी निववते, आणि हा लाभ प्रत्यक्ष आहे.

उन्हाचा विचार येथे गौण मानता येत नाही. आपल्याकडे माहेरवाशिणींचा मोठा सण अखाजी, आणि तो येतो ऐन वैशाखात, जेव्हा जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. नुसता पत्रा घातलेली बैठक त्या दिवसांत भट्टी होते. आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. जुने धाबे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले असे, म्हणून आत गारवा राही. आज धाबे घालणारे कारागीर मिळणे दुरापास्त आहे. तेव्हा काँक्रीटचा स्लॅब घालून त्यावर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे पांढरे हात द्यावेत, किंवा पत्राच घालावयाचा तर खाली अंतर सोडून दुसरे छत द्यावे. पश्चिमेस दोन कडुनिंब लावावेत. मात्र मुळे पायात शिरणार नाहीत इतक्या अंतरावर.

पाया हा खानदेशात स्वतंत्र विषय आहे. आपली काळी माती कापसास उत्तम, घरास वैरीण. पाण्याने ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्याबरोबर जोतेही हलते. पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. जोत्याची भर मुरमाची घालावी, खणून काढलेली काळी माती पुन्हा आत लोटू नये. गाडीखान्याची फरशी खरबरीत असावी, आणि तीस बाहेरच्या बाजूस २० फुटांत ३ इंच उतार द्यावा, म्हणजे धुतलेले पाणी व सांडलेले तेल बैठकीकडे येणार नाही. छप्पर एकूण ३६ फूट लांब व २० फूट रुंद होते. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर त्यावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी पडते. पन्हळ लावून ते विहिरीत किंवा टाकीत उतरविणे हे आपल्या पाण्याच्या ओढीच्या तालुक्यात कर्तव्यच समजावे.

येथवर विटा-मातीचे झाले. परंतु नकाशावर न दिसणाऱ्या माणसांचा विचार केल्यावाचून आमचे पान पुरे होत नाही.

पहिला विचार घरातील स्त्रियांचा. बैठक परसात गेली की पाहुणचार परसात जातो. स्वयंपाकघर मात्र वाड्यातच राहते. चाळीस पावलांचे अंतर धरा. एका जेवणास तीस खेपा झाल्या तर जाऊन-येऊन चोवीसशे पावले होतात, तीही हातात भरले पातेले घेऊन आणि उन्हातून. पुरुषमंडळी गार बैठकीत गप्पा मारीत असता ही पावले कोण चालणार, हे आधी विचारावे. पडवीत पाण्याचे माठ, हात धुण्याची मोरी, भांड्यांचे कपाट आणि चहापुरता ओटा केला तर निम्म्या खेपा वाचतात. मात्र खापरावरचे मांडे करण्याची चूल या इमारतीजवळ आणू नये. त्या जाळास गाडीखान्यापासून दूरचाच कोपरा हवा. नकाशा पक्का करण्यापूर्वी तो घरातील सुनांच्या हाती द्यावा आणि त्यांनी केलेल्या खुणा निमूटपणे मान्य कराव्यात.

दुसरा विचार गाडी हाकणाऱ्याचा. पूर्वी गाडीवानास ओट्याच्या कडेला भाकरी मिळे. आज पाहुण्यांचा चालक उन्हात गाडीतच बसून राहतो, आणि त्यास पाणी विचारावयाचे कोणास सुचत नाही. पडवीत एक बाक, माठावर एक जादा पेला आणि शौचकूपाची मोकळी वाट एवढ्याने काम भागते. तोही आपल्या दारी आलेलाच मनुष्य आहे.

तिसरा विचार वडीलधाऱ्यांचा, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या पाहण्यातील एका घरात तीन भावांनी मिळून अशी बैठक बांधली. पहिल्या वर्षी तेथे पाहुणे उतरले. दुसऱ्या वर्षी आजोबांची खाट 'मोकळी हवा' म्हणून तेथे गेली. तिसऱ्या वर्षी त्यांचे ताटही तेथेच जाऊ लागले. कोणी त्यांस वाड्याबाहेर काढले नाही. कोणाचा तसा हेतूही नव्हता. खाट, मग ताट, इतक्या बेताने ते घडले. बैठक चांगली झाली की हा मोह होतो. म्हणून बांधण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवावे की, वडिलांस तेथे जावयाचे असेल तर ते स्वेच्छेने, आणि दोन वेळचे जेवण घरच्या पंगतीत.

चौथा विचार मालकीचा. एकत्र कुटुंबात जमीन वडिलोपार्जित, पैसा मात्र एका भावाचा, असे पुष्कळदा होते. प्रेम आहे तोवर हिशेब विचारणे अप्रशस्त वाटते. प्रेम आटले की तोच हिशेब न्यायालयात विचारावा लागतो. कोणी किती घातले आणि पुढे वाटणी झाल्यास इमारत कोणत्या वाट्यास जाईल, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. या सर्वांत बहिणी आल्या, हे विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. म्हणजे अखाजीस जिच्यासाठी आपण ही बैठक बांधतो आणि जिला पाहुणी म्हणतो, ती त्या परसाची मालकीणही असू शकते. तिला विचारल्यावाचून पाया खणणे कायद्यास धरून नाही, आणि नात्यासही शोभत नाही.

आमच्या गावी आश्विनात बालाजीचा रथ निघतो. तो मिरवतो थोडा वेळ, पण त्यास छत्र लागते वर्षभर. परसातील इमारतीचेही तसेच आहे. गाडी तेथे रोज राहील, पाहुणे वर्षातून वीस दिवस. रोजच्या सोयीसाठी जागा गाडीस द्यावी, हे योग्यच. मात्र त्या वीस दिवसांत पाहुणे आले असता गाडी उन्हात काढावयास ज्या घरात कोणी कुरकुरणार नाही, त्या घराने खुशाल गवंड्यास बोलवावे. पावसाळा उतरला की पाया खणावा, आणि माघ-फाल्गुनात छप्पर चढवावे, म्हणजे येत्या अखाजीपर्यंत चुना वाळलेला असेल.