उतारा छोटा द्या, प्रश्न मोठा विचारा

तुमसरपासून लाखांदूरपर्यंत शाळांच्या परिपाठात पोरं संविधानाची उद्देशिका खड्या आवाजात म्हणतात. आता नववीतल्या एखाद्याला विचारा, ‘दर्जाची’ समानता आणि ‘संधीची’ समानता असे दोन शब्द का वापरले? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पोरगं मठ्ठ आहे म्हणून नव्हे, तर हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही म्हणून.

पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. ज्या व्यवस्थेने काहींना घोकायला लावलं आणि बाकीच्यांना अक्षरच नाकारलं, तिला अर्थ विचारणारा वाचक कधीच नको होता.

‘असर २०२३’ हे सर्वेक्षण २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत झालं. १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नाही. यावर शाळेचं उत्तर काय? दहावीच्या कृतिपत्रिकेत उतारा येतो, पोरं त्यातले शब्द उचलून चौकटी भरतात. ‘स्वमत’ विचारलं की गाइडमधलं मत उतरवतात. मार्क मिळतात, आकलन शून्य!

आणि आपण कार्यकर्ते? १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले, हे अभिमानाने सांगतो आणि नववीच्या पोरीच्या हातात सहाशे पानांचा खंड ठेवतो. ती चार पानं वाचून तो मिटते. मग आपणच म्हणतो, “नव्या पिढीला वाचनाची आवड नाही.”

खंड वाचायचेच आहेत, पण तिथवर जायला पायऱ्या लागतात. पहिली पायरी म्हणजे एका पानाचा, पण स्वतःत पूर्ण असलेला मजकूर. रोवणीच्या दिवसांत काही पोरं शाळेत नसतात, चार तासिका चालणाऱ्या धड्याचा धागा तुटतो. एक पान एका बैठकीत संपतं, दोन-तीनदा वाचता येतं आणि शंका आली की बोट ठेवून दाखवता येतं.

काही जण म्हणतील, छोटे उतारे म्हणजे आपल्या पोरांना हलकं शिक्षण. साफ चूक! संविधानाचं कलम १७ दोनच वाक्यांचं आहे. अस्पृश्यता नष्ट केली एवढं सांगून ते थांबत नाही, तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध ठरवतं. ‘कोणत्याही स्वरूपातलं’ हे का लिहावं लागलं? या एका प्रश्नावर तासभर चर्चा होईल. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा पेच ती शाळकरी मुलगी टाकते. बाबासाहेबांनीही ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढलं, एका बैठकीत वाचून होतील असे लेख समाजाच्या हाती दिले.

म्हणून विहारातल्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास काढा. सात-आठ पोरं, प्रत्येकाच्या हातात एक पान. आधी मनात वाचायचं, मग मोठ्याने. नंतर चार प्रश्न: लेखकाचं म्हणणं काय? आधार कोणता? तो कोणाला खोडतोय? तुला पटतं का, आणि का? उत्तर मजकुरातली ओळ दाखवूनच द्यायचं. महिन्याभराने एकाच विषयावरचे दोन मजकूर शेजारी ठेवा. मग चार पानं, मग प्रकरण, मग खंड.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश होता, ‘घोका’ नव्हे.

जय भीम! जय संविधान!