हवा कुणाची सोडायची?



जिल्हा बैठकीच्या आधी तालुक्यातालुक्यांत बैठका चालल्या आहेत. बहुतेक ठिकाणी एक सूचना हटकून येते. कुणी तरुण कार्यकर्ता उठतो आणि म्हणतो, "यंदा नुसते बसायचे नाही. दीपनगरला महामार्गावर कापसाचे ट्रक, राखेचे बल्कर, जे येईल ते अडवायचे आणि चाकांतली हवा सोडून द्यायची." टाळ्या पडतात. सूचना वहीत लिहून घेतली जाते आणि पुढचा विषय निघतो.

आमचा या सूचनेला विरोध आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना तो आवडणार नाही, हे ठाऊक असूनच आम्ही तो लिहून देत आहोत.

आधी रागाबद्दल बोलू. राग खोटा नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये. कागद चांगला होता. पण त्याच २०२५ सालच्या १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कापूस येतो तो नेमका याच महिन्यांत. एका हाताने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने तो पाडायचा, याला धोरण म्हणत असतील तर दरोडा कशाला म्हणायचे?

पण शुल्क माफ झाले दिल्लीत, आणि आम्ही हवा सोडणार दीपनगरला! ज्यांनी शुल्क माफ केले त्यांची गाडी या रस्त्याने जात नाही. जाते ती कुणाची, ते बघा.

त्याआधी हवा सोडण्याची ही शिक्षा मुळात कुणाची, ते आठवा. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवेल. सायकलला दिवा नाही, किंवा डबलसीट बसलात, की तालुक्याच्या गावी चौकातला शिपाई उतरायला लावायचा, वाकून व्हॉल्व काढायचा आणि कधी कधी खिशात टाकायचा. पावती नाही, दंड नाही, तक्रार कुठे करायची तेही नाही. आमचे वडील एकदा बाजारातून ज्वारीचे पोते सायकलवर लादून असे बारा किलोमीटर चालत आले होते. सायकल ओढत आणायची आणि रिमही वाचवायची, म्हणून सगळी वाट एका हाताने पोते उचलून धरलेले. घरी आल्यावर ते शिपायाला एक शब्द बोलले नाहीत. "आपल्यापाशी दिवा नव्हता," एवढेच म्हणाले. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने, ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर बजावलेली ही शिक्षा. तीच आता आम्ही उचलायची, आणि तीही आमच्यासारख्यावरच?

आमच्यासारख्यावरच, हे आम्ही उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी दीपनगरच्या पुढे रास्ता रोको होता. कापसाचा एक ट्रक अडवला. आमच्यातल्याच दोघा पोरांनी मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा सोडली. पोलिसांची गाडी दिसली तशी पोरे पांगली, रस्ता मोकळा झाला. आतले चाक बसलेले बाहेरून दिसत नाही. ड्रायव्हरने चहा घेतला आणि गाडी काढली. मुक्ताईनगरच्या अलीकडे त्याच जोडीतला बाहेरचा टायर फुटला आणि ट्रक रस्त्याच्या कडेला गेला. मागून कुणी येत नव्हते, म्हणून निभावले. आम्ही पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर दगडावर बसला होता. चोपडा तालुक्यातला, चार एकर कोरडवाहू, धाकटा भाऊ शेती बघतो. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, मी बी कापूसवालाच. तुमच्या सभेला माझा भाऊ येतो." टायरचे पैसे मालकाने त्याच्या पगारातून कापले. व्यापाऱ्याचा कापूस दुसऱ्या दिवशी जिनिंगला पोहोचला. किती भाव वाढला त्या दिवशी? एक पैसाही नाही.

आता चाकाच्या आत काय चालते ते समजून घ्या. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, मेकॅनिक नाही. पण एवढा हिशेब शेतकऱ्याने करायलाच हवा.

पंक्चरवाला ज्याला पौंड म्हणतो तो एका चौरस इंचावरचा दाब. कारच्या टायरात तीस-पस्तीस पौंड असतात, ट्रकच्या टायरात शंभरच्या वर. शंभर पौंड म्हणजे दर चौरस इंचावर ४५ किलो. व्हॉल्वची पिन अशा टायरातून एकदम मोकळी केली तर ती गोफणीतल्या खड्यासारखी येते. वाकून बघणाऱ्याचा डोळा समोरच असतो. हा झाला हवा सोडणाऱ्याचा धोका.

हवा अर्धी गेली तर धोका ड्रायव्हरकडे जातो. दाब कमी झाला की टायरच्या बाजू दर फेऱ्याला जास्त दुमडतात. दुमडण्याने उष्णता होते, उष्णतेने रबर आणि आतले थर सुटू लागतात. वरून आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात आणि डांबर त्याहून तापलेले. जोडचाकातला एक टायर बसला की त्याचा भार शेजारच्यावर पडतो आणि धडधाकट टायर आधी फुटतो. आमच्या त्या ट्रकचे हेच झाले.

हवा पूर्ण गेली तर धोका पंक्चरच्या टपरीवर जातो. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या चाकाला टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग वेगळी असते. बसलेल्या टायरावर गाडी थोडी जरी चालली तरी ती रिंग खाचेतून हलू शकते, आणि पुन्हा हवा भरताना ती सुटली तर समोरच्या माणसाचे काही राहत नाही, कारण रिंगच्या सगळ्या घेरावर जोर टनांत असतो. अमेरिकेत या रिंगांनी इतकी माणसे मारली की १९८० साली तिथल्या सरकारने नियम केला: दाब एका मर्यादेखाली जाऊन चाललेला टायर गाडीवर तसाच फुगवायचा नाही, खोलून तपासायचा आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची. आमच्या महामार्गावरच्या किती टपऱ्यांवर असा पिंजरा दिसतो? हवा सोडून आम्ही घोषणा देत घरी जातो. रिंगसमोर बसतो तो पोटासाठी परप्रांतातून आलेला पंधरा-अठरा वर्षांचा पोरगा. त्याने कापसाचा भाव पाडला काय?

मुद्दा काढला जातो की कोल्हापूर-सांगलीकडे ऊस आंदोलनात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची हवा सोडतात, कारखानदार नमतात, मग आपणच का मागे? टायर फुटायचा तो तिकडेही फुटतो, हे आधी लक्षात घ्या. दुसरे, ऊस आणि कापूस यांतला फरक शेतकऱ्यालाच कळू नये? तोडलेला ऊस दिवसागणिक वजनात आणि साखरेत घटतो. कारखान्याची गव्हाण रात्रंदिवस भरती लागते. तिथे गाडी थांबली की कारखानदाराचा घास थांबतो. कापूस गोदामात सहा महिने राहिला तरी सडत नाही. व्यापाऱ्याच्या ट्रकची हवा सोडली तर त्याला चार तास उशीर होतो. त्या चार तासांत तो फोनवर पुढचा सौदा आणखी पाडून करतो. नाव सांगतो, "आंदोलनामुळे रस्ता बंद आहे." म्हणजे आम्हीच त्याला निमित्त पुरवले.

शिवाय कायद्याचे बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. वाट अडवली तर कलम १२६. दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान केले तर आगळीक, कलम ३२४. रस्त्यावर बसल्याचा गुन्हा आम्ही आजवर अंगावर घेत आलो, पुढेही घेऊ. पण हवा सोडणारी पोरे कोण असतात? पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी. चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण निघाले की पुढाऱ्याचे काही जात नाही, पोराची भरती जाते. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण त्याच्याबरोबर तारखेला येतील?

"मग काय भजन करायचे?" हा प्रश्न येणारच. उत्तर आमच्याच इतिहासात आहे. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर येऊन बसले. वाहतूक थांबली ती बसलेल्या माणसांमुळे. बसलेला माणूस सरकारला उचलावा लागतो, तुरुंगात ठेवावा लागतो, त्याला जेवण द्यावे लागते. हवा गेलेला ट्रक क्रेनने बाजूला ढकलला की काम संपते.

आणि अलीकडचे उदाहरण घ्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आदिवासी शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. झेंडा आमचा नव्हता, पण शिकायला काय हरकत आहे? शेवटच्या टप्प्यात दहावीच्या पोरांची परीक्षा होती. त्यांची अडचण होऊ नये म्हणून हे लोक पाय फुटलेले असताना दिवसा न निघता रात्रीतून चालत आझाद मैदानावर पोहोचले. मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. १२ मार्चला सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. त्या आश्वासनांचे पुढे काय झाले हा वेगळा झगडा आहे. पण सरकार लेखणी उचलते कधी, तर शहरातला माणूस शेतकऱ्याच्या बाजूला उभा राहतो तेव्हा. एका कुटुंबाची गाडी आम्ही उन्हात बसवून ठेवली, तर तो माणूस जन्मभर आमच्या विरुद्ध बोलेल.

हवा सोडू नका म्हणतो, पण ती कशी सोडावी हे ठाऊक नसल्यानेही माणसे आंधळी-पांगळी होतात. तेव्हा घरच्या गाड्यांसाठी एवढे पाळा.

१. सायकल: व्हॉल्वचा नट एकदम काढू नका. थोडा सैल करा, फुस्स आवाज संपू द्या, मग काढा. तोंड बाजूला ठेवा.

२. मोटारसायकल, कार: टोपण काढून पिन काडीने दाबा. थोडी हवा सोडा, मीटर लावा, पुन्हा बघा. पिन फिरवून काढायचीच असेल तर आधी दाबून सगळी हवा जाऊ द्या.

३. तापलेल्या टायरची हवा सोडू नका. दहा अंश तापमान वाढले की कारच्या टायरात सुमारे दीड पौंड वाढतो. दुपारी "जास्त झाली" म्हणून सोडलेली हवा पहाटे कमी भरते. मोजायचे ते सकाळी, गाडी चालवण्याआधी.

४. ट्रक, ट्रॉली: हे काम जाणत्याचे. चाकांना दगड लावा, भार उतरवा. पूर्ण हवा गेल्याशिवाय चाकाच्या नटांना किंवा रिंगला हात नाही. जोडचाक असेल तर दोन्हींची हवा जाऊ द्या. भरताना रिंगच्या समोर उभे राहू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

५. ट्रॅक्टर: हवा कमी करण्याची खरी जागा आपले शेत आहे. रस्त्यावरच्या कडक टायराने काळ्या जमिनीत शिरलात तर भार थोड्या जागेवर येतो, माती दबते, वाफसा नीट येत नाही, कपाशीचे मूळ खाली जात नाही. कंपनीच्या पुस्तिकेत शेतीकामासाठी दिलेल्या दाबापर्यंत हवा उतरवा, त्याखाली नाही. रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरा. टायरात पाणी भरले असेल तर व्हॉल्व वरच्या बाजूला आणून मगच पिन दाबा.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. पहिले, आपल्या कोणत्याही आंदोलनात कुणाच्याही वाहनाची हवा सोडली जाणार नाही, आणि कुणी सोडली तर संघटना ती भरून देईल. दुसरे, रास्ता रोको ठरला तर रुग्णवाहिका, दूध आणि परीक्षेची पोरे यांना वाट देणारे कार्यकर्ते आधी नेमले जातील. तिसरे, अडवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाणी आणि आपले पत्रक दिले जाईल. त्यात आयात शुल्काचा हिशेब असेल. तो पत्रक घेऊन नागपूरपर्यंत, सुरतेपर्यंत जाईल. इतका फुकटचा प्रचारक आम्हाला दुसरा कोण मिळणार?

ज्यांना हा ठराव पटत नाही त्यांनी जरूर यावे आणि विरोधात बोलावे. फक्त बोलण्याआधी एकदा सांगावे की महामार्गावर फुटलेल्या टायरच्या शेजारी दगडावर बसलेल्या त्या चोपड्याच्या ड्रायव्हरला आम्ही काय उत्तर द्यायचे. त्याचा भाऊ बैठकीला येणार आहे.