बोंडातला बकासुर

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर हे गाव विदर्भातील अष्टविनायकांपैकी एका गणेशस्थानामुळे प्रसिद्ध आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते येथेच, अशी तेथील परंपरागत श्रद्धा आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, असा त्या राक्षसाचा नेम होता. आज या कापूसपट्ट्याला छळणारा बकासुर जेमतेम १२ मिलिमीटर लांबीचा आहे. गुलाबी, किंवा जुने शेतकरी म्हणतात त्याप्रमाणे शेंदरी, बोंडअळी हे त्याचे नाव. गाडाभर कापूस तर ती खातेच. पण फवारणीच्या निमित्ताने माणसाचाही बळी घेते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

ही अळी संधिपाद संघातील आहे. ज्ञात प्राणिजातींपैकी दर पाचांत चार या संघातल्या असतात. कायटिनयुक्त बाह्यकवच, सांधे असलेले पाय, खंडित शरीर आणि वाढीसाठी वेळोवेळी कात टाकण्याची सक्ती, ही त्यांची लक्षणे आपले विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. झुरळाची आकृती काढून ते गुणही मिळवतात. परंतु शाळेच्या कुंपणापलीकडच्या पऱ्हाटीवरील किडलेले बोंड फोडून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. ज्या विद्येवर घरचे पीक, आणि कित्येकदा घरचा माणूसही, अवलंबून आहे, ती विद्या परीक्षेपुरती राहावी ही खेदाची गोष्ट होय.

या किडीचे सारे सामर्थ्य तिच्या जीवनक्रमात आहे. मादी पतंग पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर शंभरांहून अधिक अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच फुलात वा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या गुंफल्या जाऊन ‘डोमकळी’ तयार होते; बोंडात शिरली तर शिरण्याचे छिद्र थोड्याच वेळात बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत अळी सरकी खात राहते. पिकाचा हंगाम संपत आला की ती दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांत सुप्तावस्थेत पडून राहते. म्हणजे शेतातील उभ्या पऱ्हाट्या, रचलेले ढीग आणि जिनिंगमधील सरकी ही तिची पुढील हंगामापर्यंतची धर्मशाळाच ठरते.

एवढे कळले की फवारणीचा अतिरेक किती निष्फळ आहे हे निराळे सांगावे लागत नाही. विष बोंडावर पडते, अळी बोंडात असते. शिवाय मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके कीटकांच्या मज्जासंस्थेतील ज्या विकराला निकामी करतात, तोच विकर माणसाच्या मज्जातंतूंतही कार्य करतो. अळीला बोंडाचे कवच असते. पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने फिरणाऱ्या मजुराला ते नसते. शत्रू सुरक्षित आणि सैनिक उघडा, असे हे युद्ध आहे.

यावर कोणी म्हणेल, बियाणे सुधारा म्हणजे झाले. शेतकऱ्याला शरीररचना शिकवून काय साधणार? तो प्रयोग होऊन गेला आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. बीटीचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून तेथील ग्राहींना चिकटते व आतड्याला छिद्रे पाडते. माणसाच्या पोटात तशी व्यवस्था नसल्याने ते त्याला अपाय करीत नाही. शरीररचनेचा नेमका भेद ओळखणारे हे अस्त्र होते. मात्र सभोवती बिगरबीटी कापसाच्या ओळी लावण्याचा नियम बहुतेकांनी पाळला नाही, आणि फरदडीमुळे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात राहिले. प्रतिकारक्षम अळ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या आणि ते अस्त्र बोथट झाले. अमेरिकेने मात्र बीटी, कामगंध, वंध्य पतंग सोडणे आणि शेतकऱ्यांचा एकत्रित सहभाग यांची सांगड घातली, व २०१८ साली कापूसपट्ट्यातून या किडीच्या उच्चाटनाची घोषणा केली.

दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. फरदड घेणारा शेतकरी अज्ञानाने ती घेत नाही; भाव पडलेला, कर्ज थकलेले आणि हातात दुसरे पीक नाही, म्हणून तो आणखी एका वेचणीची आशा धरतो. तेव्हा फरदड घेऊ नका असा उपदेश करणाऱ्यांनी डिसेंबरनंतर शेत रिकामे करण्याचा खर्च आणि पर्यायी पीक यांचा विचारही मांडला पाहिजे. पऱ्हाट्या उपटणे वा बारीक करणे एकट्याने करून भागत नाही, कारण पतंगाला शेताची हद्द ठाऊक नसते.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून याच मातीवर काम करीत आहे. नर पतंगांना आकर्षून घेणारा कामगंध १९७३ सालीच ओळखला गेला होता. हेक्टरी पाच सापळे लावून रोज पतंग मोजले आणि सलग तीन रात्री प्रत्येकी आठ वा अधिक सापडले तरच फवारणीचा विचार करावा, हा निकषही ज्ञात आहे. हे मोजणे आठवीच्या मुलालाही जमेल. सेलू तालुक्यातील शाळांनी बोंड फोडून पाहण्याचा तास ठेवावा, ग्रामपंचायतीने ते आकडे फलकावर लिहावेत आणि कृषी विभागाने त्यांवरून सल्ला द्यावा. झुरळाची आकृती वहीत राहो. पण बोंड फोडणारा हात विज्ञानाचा खरा विद्यार्थी ठरेल, आणि फवारणीच्या पंपाखालचा बाप जिवंत राहील.