मागून धडकला तोच दोषी?

समजा, पोलादपूरजवळच्या कापडे गावातून लग्नाचे वऱ्हाड मालवाहू टेम्पोत बसून मुंबईकडे निघाले. आराम बस परवडत नाही म्हणून आमचा गोरगरीब माणूस असाच प्रवास करतो; 20 मार्चला चवदार तळ्याला वंदन करायला महाडला येणारे कित्येकजणही असेच येतात. महामार्गावर पुढच्या मोटारीने एकाएकी ब्रेक दाबला, टेम्पो तिच्यावर आदळला आणि मागून भरधाव आलेला ट्रक टेम्पोवर. टेम्पोतली दोन माणसे जागीच गेली. लगेच गावातले शहाणे सांगू लागतात, "आपल्याच टेम्पोने पुढच्याला ठोकले. आता भरपाई कोण देणार?" दु:खात बुडालेले कुटुंब तडजोडीच्या कागदावर सही करून मोकळे होते.

हा सल्ला साफ चुकीचा आहे, असे आम्ही वकील या नात्याने ठामपणे सांगतो.

मागच्याने पुरेसे अंतर ठेवले पाहिजे, हा नियम खराच आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी 25 मीटर रस्ता संपलेला असतो. 2018 साली निशान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवून, ट्रकच्या अगदी जवळून धावणाऱ्या मारुती गाडीलाच दोषी धरले. पण सबळ कारणाशिवाय एकाएकी ब्रेक दाबू नये, हाही नियमच आहे. तो मात्र कोणी सांगत नाही.

2025 साली मोहम्मद हक्कीम खटल्यात याच न्यायालयाने दुसरी बाजू दाखवून दिली. मोटार महामार्गावर इशारा न देता अचानक थांबली, मागचा मोटारसायकलस्वार तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. न्यायालयाने पुढच्या मोटारीवर 50 टक्के, बसवर 30 टक्के आणि मोटारसायकलस्वारावर 20 टक्के दोष ठेवला. म्हणजे पुढचा थांबला म्हणून तो आपोआप निर्दोष ठरत नाही. साखळी अपघातात प्रत्येक धडकेचा दोष वेगळा तपासावा लागतो. टेम्पो आधीच पुढच्या मोटारीवर आदळला होता, की थांबलेल्या टेम्पोला ट्रकने पुढे ढकलले? पुढच्या मोटारीतल्या माणसांना एक धक्का बसला की दोन? रस्त्यावर चाके घासल्याच्या खुणा कोठून सुरू होतात? पंचनाम्यात याची नोंद झाली नाही, तर पुढे न्यायालयात सत्य सिद्ध करणे कठीण होते.

आता आमच्या माणसाच्या पोटाशी निगडित असलेला मुद्दा. मालवाहू टेम्पोत फुकट वा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी त्या टेम्पोच्या विमा कंपनीवर सहसा येत नाही. मालक जबाबदार असतो, पण त्याच्यापाशी बहुधा देण्यासारखे काही नसते. म्हणूनच मोटार आणि ट्रक यांच्यावर थोडाही दोष येतो की नाही, यावर त्या घराचा चुलीचा प्रश्न अवलंबून असतो. टेम्पोचालकाची चूक प्रवाशाच्या माथी मारता येत नाही. शिवाय 2015 च्या खेन्येई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, एकाहून अधिक वाहनांच्या चुकीने माणूस मेला वा जखमी झाला, तर संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाही एकाकडून मागता येते. त्यांनी आपापला वाटा नंतर आपसात वाटून घ्यावा.

तेव्हा समाजबांधवांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. प्रथम जखमींना दवाखान्यात न्यावे. मग शक्य होताच सर्व गाड्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे घ्यावीत. प्रथम खबर आणि पंचनामा यांच्या नकला मागाव्यात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एकाच नव्हे, तर सर्व गाड्यांच्या चालक, मालक व विमा कंपन्यांना प्रतिवादी करावे. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही; मुंबईत राहणाऱ्याला तो मुंबईतही करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून तेराव्याची वा वर्षश्राद्धाची वाट पाहत बसू नये. आणि तडजोडीच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही तर मुळीच करू नये.

मालवाहू टेम्पोत माणसे बसवणे बेकायदा आहे, ते थांबलेच पाहिजे, हे आम्ही आमच्याच लोकांना बजावतो. पण नाइलाजाने त्यात बसलेला माणूस मेला, म्हणून त्याच्या विधवेचा हक्क मरत नाही. भरपाई ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्या महाडात बाबासाहेबांनी 1927 साली आम्हांला हक्क मागायला शिकवले, त्याच महाडच्या रस्त्यावर आम्ही तो सहीच्या एका फटकाऱ्याने सोडून द्यायचा काय?