दोष उन्हाचा नव्हे!



नवा जुळवलेला संगणक सुरू होतानाच अडकतो तो नागपूरच्या उन्हामुळे, हे आपल्या पत्रलेखकाचे निदान पटत नाही. मे महिन्यात वाडीत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो हे खरे. पण आजचे बरेच प्रोसेसर ९०-९५ अंशांपर्यंत तग धरतात आणि त्यापुढे आधी स्वतःचा वेग कमी करतात. कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायचे राहिले, तर मात्र मिनिटभरात ताप चढेल; तो दोष जुळणीचा, हवामानाचा नव्हे. शिवाय अडकल्यासारखे दिसले म्हणजे दोषच असतो असे नाही: डीडीआर-५ रॅम असेल, तर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड तिच्याशी जुळवून घेतो आणि पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबले की तेच काम पुन्हा पहिल्यापासून!

‘अर्धा तास थांबूनही चालू होत नाही, मग मदरबोर्डच खराब,’ असा आक्षेप येईल. तरीही घाई नको. बऱ्याच मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. कोणता पेटून राहिला ते पाहावे. मग रॅमची एकच पट्टी मॅन्युअलात सांगितलेल्या खाचेत बसवून, जादा डिस्क काढून पुन्हा चालू करावे. त्यापुढे एका वेळी एकच बदल केला, तरच दोषी सापडतो. दुकानाची पायरी त्यानंतर चढावी.

– एक वाचक, वाडी (नागपूर)